शमीम आपा आणि एकच यादी

शमीम आपांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या दंडावरून.

नांदेडच्या आमच्या कार्यालयात बैठकीची तयारी चालली होती. मी मान खाली घालून कुणाला कुठं बसवायचं याचा तक्ता करत होतो, आणि एकाएकी कुणीतरी माझ्या उजव्या दंडाला पट्टी गुंडाळली. दचकून वर बघतो तर पन्नाशी ओलांडलेली एक ठेंगणी बाई. डोक्यावर पदर, काखेत काळी छत्री, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. हातात ती लेकरांचा दंड मोजायची पट्टी, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांची. लाल आला की लेकरू वाळलेलं, हिरवा आला की बरं. माझ्या दंडाला ती पट्टी पुरलीच नाही.

"माशाल्ला!" बाई म्हणाली. "भाऊ, तुमी तर हिरव्याच्या बी पल्याड गेलाव की!"

सगळं कार्यालय खो खो हसलं. मला राग आला. मी मुळातच चिडका माणूस. तीस वर्षं सरकारी बैठकांची इतिवृत्तं लिहून माणूस चिडका होणार नाही तर काय गोड होणार? मी पट्टी सोडून त्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, "बाई, बैठक अकराला आहे. बाहेर बसा." त्या बाहेर बसल्या नाहीत. माझ्याच समोरची खुर्ची ओढून बसल्या, पिशवीतून बडीशेपेची डबी काढली आणि माझ्यापुढं धरली. मी घेतली. तिथून पुढं दीड वर्ष त्या मला जोंधळे भाऊ म्हणत राहिल्या आणि मी त्यांना आपा.

आमचं कार्यालय म्हणजे काय, तेही सांगितलं पाहिजे. राज्यात लेकरांसाठी एक आयोग करायचं ठरलं होतं. लेकराचं खाणं एका खात्याकडं, शाळा दुसऱ्याकडं, लस आणि औषध तिसऱ्याकडं, आणि हरवलं-टाकलेलं लेकरू चौथ्याकडं. या सगळ्यांच्या डोक्यावर एक आयोग बसवायचा, त्यानं सगळ्यांना एका दावणीला बांधायचं. कायदा होण्याआधी मसुदा करायला समिती नेमली, तिची एक शाखा नांदेडला, आणि प्रयोगासाठी तालुका निवडला अहमदपूर. अध्यक्ष साहेब निवृत्त मोठे अधिकारी होते, पुण्याकडचे, बोलायला मऊ. मी समितीचा अधीक्षक. आणि शमीम आपा अहमदपूर तालुक्यातल्या अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका, म्हणून सदस्य. गावोगावच्या अंगणवाड्या तपासत फिरणं हे त्यांचं काम.

हे सगळं मी लिहायला बसलोय ते सोनाली नावाच्या एका पाच वर्षांच्या पोरीमुळं. ती जगावी म्हणून आपांनी जिवाचं रान केलं. आणि ती यादीतून गेली ती माझ्या बोटानं. पुढं काय ते पुढं सांगतो, पण हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे मी कुठं लपून बसणार नाही.

पहिल्या बैठकीत प्रत्येकानं आपली ओळख करून दिली. साहेब लोकांनी पदं सांगितली. आपांची पाळी आली तर त्यांनी मंगलची गोष्ट सांगितली.

मंगल एका वाडीतली मुकी-बहिरी पोर. अंगणवाडीत नाव होतं, पुढं दिसेना झाली. सेविका म्हणाली, वय झालं, शाळेत गेली असेल, ते शाळावाले बघतील. शाळेचे गुरुजी म्हणाले, ऐकू येत नाही, दवाखान्याकडं दिली, ते दवाखानावाले बघतील. उपकेंद्राची नर्सबाई म्हणाली, कुटुंब गाव सोडून गेलंय, जिथं असेल तिथले बघतील. दोन वर्षं तिन्ही रजिस्टरं बिनघोर. एक दिवस आपांनी घरच जाऊन पाहिलं. पोर घरातच होती. आईबाप शेतावर जाताना तिच्या पायाला ओढणी बांधून ती खाटेच्या पायाला बांधून जात, रस्त्यावर जाऊन गाडीखाली येऊ नये म्हणून. दोन वर्षं.

"साहेब," आपा म्हणाल्या, "कोनी खोटं बोललं न्हाई. तिघं बी खरंच बोलले. तिघं एका चटईवर बसले असते ना, तर दोन मिनिटात कळलं असतं."

मंगल पुढं लातूरच्या मूकबधिर शाळेत गेली. आपा दर दिवाळीला तिला बांगड्या नेत असत. अध्यक्ष साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी इतिवृत्तात लिहिलं, 'सदस्यांनी क्षेत्रीय अनुभव कथन केले.' एवढंच.

मला त्यांच्याबरोबर दोनदा गावं हिंडायचा योग आला. एसटीनं अहमदपूर, तिथून जीपनं डोंगराकडं. अंगणवाडीत गेलं की तपासणीला आलेला कुठलाही माणूस आधी रजिस्टर मागतो. आपा रजिस्टरला हात लावत नसत. दारातच चपला काढायच्या, लेकरांवरून एक नजर फिरवायची आणि सेविकेला विचारायचं, "आज कोन न्हाई आलं?"

सेविका नाव सांगायची. की आपा निघाल्याच त्या घराकडं.

"आपा, च्या ठिवलाय की!"

"झाकून ठिव. येते."

न आलेल्या लेकराच्या घरी जाऊन आल्याशिवाय त्या गावात चहा घेत नसत. मी एकदा वैतागून म्हणालो, आपा, आलेली वीस लेकरं सोडून एका न आलेल्याच्या मागं काय लागताय? त्या चालता चालता म्हणाल्या, "भाऊ, हजर लेकराला सगळेच बघतेत. तुमी बी बघाल." मी मागं मागं चाललो. उन्हाचा पार रपाटा होता, आणि त्या छत्री उघडत नव्हत्या. छत्री कुत्र्यांसाठी होती म्हणे.

सोनालीला मी तिथंच पाहिलं. बालाघाटाच्या डोंगराला चिकटलेली वाडी, वीस-पंचवीस घरं. सेविका सुमनबाई, अंगणवाडी म्हणजे तिच्याच घराचा पुढचा सोपा. लेकरं अंगणात पळत होती. त्यात पिवळ्या झग्यातली एक पोर पळता पळता मधेच उकिडवी बसायची, गुडघे पोटाशी घेऊन, घटकाभर तशीच. मग उठून पुन्हा पळायची. मला वाटलं खेळच आहे तसा. आपा दारात उभ्या राहून बघत होत्या.

"सुमन, ही पोरगी अशी कामून बसायली?"

"खोडच हाय आपा तिची."

आपा जवळ गेल्या, पोरीला मांडीवर घेतली, तिची नखं बघितली, ओठ बघितले. ओठ जांभळे झाले होते. पोरगी काही लाजेना. तिनं आपांच्या चष्म्याचा दोरा ओढला आणि विचारलं, "ह्ये कामून बांदलंय?"

"पळून जाऊ नये म्हनून," आपा म्हणाल्या.

पोरगी हसून लोळायची बाकी. पण आपांचा चेहरा मी पाहिला. परतताना जीपमध्ये त्यांनी बडीशेपेची डबीसुद्धा उघडली नाही. आठ दिवसांत त्यांनी तपासणीचं पथक त्या वाडीला आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, काळजाला छिद्र आहे, रक्ताची वाट अरुंद आहे, म्हणून दम लागला की पोर तशी बसते, बसली की तिला बरं वाटतं. शस्त्रक्रिया लागेल, होईल, लातूरला तारीख मिळेल तेव्हा कळवू. फार उशीर मात्र नको. तारखेसाठी तिचं नाव गेलं, आणि ते नाव यादीत टिकवायचं, एवढंच आता आमच्या हातात होतं.

आता आपांची बाजारची बैठक.

अहमदपूरला एसटी स्टँडजवळ आपांच्या भावाचं शिलाईचं दुकान. मोईनभाई. तीन पिढ्यांचं दुकान, निम्म्या तालुक्याचे शाळेचे गणवेश तिथं शिवलेले. बाजारच्या दिवशी खेड्यापाड्यातल्या सेविका, नर्सबाया, एखाद-दुसऱ्या मास्तरीणबाई भाजीपाल्याला येत. येताना मोईनभाईच्या दुकानात टेकत. आपा तिथं मशीनच्या शेजारी पाटावर बसलेल्या. भाजीच्या पिशव्या मधे, भोवती बाया, आणि नुसती नावं चाललेली.

"आमच्या वाडीचं बाळू तुमच्या शाळंत आलं का?"

"न्हाई आलं."

"मग हाय कुठं? नर्सबाई, तुमाला दिसलं का?"

"आमच्याकडं परवा लस घेऊन गेलं की त्याच्या आत्याबरूबर."

"हां. मग आत्याकडं हाय. लिवा मनात."

कागद नाही, सही नाही, शिक्का नाही. मोईनभाई मान वर न करता शिवत असायचे, मधेच एखाद्या लेकराचं नाव चुकलं तर तेच दुरुस्त करायचे, "ती राणी न्हाई, राणीची धाकली बहीन." मी डोक्याला हात लावला. म्हणालो, आपा, हा काय कारभार आहे? त्या म्हणाल्या, "आयोग हाय आमचा. तुमचा मोठा व्हायचाय, तवर ह्यो चालवायलो."

त्या दिवशी सुमनबाईनं पाहुण्यांची, म्हणजे नातेवाइकांकडं ठेवलेल्या लेकरांची, नावंही सांगितली. दिवाळी झाली की डोंगराकडच्या वाड्या ओस पडतात, माणसं ऊस तोडायला जातात, घाटाखाली, कर्नाटकात. लेकरं बरोबर नेतात. पण नाजूक पोरगी असली तर तिला मामाच्या गावी ठेवतात. ती तिथं सहा महिने राहिली तरी पाहुणीच. आणि आमच्या भागात पाहुणीचं नाव गावाच्या कुठल्याच यादीत लिहीत नाहीत. लिहिलं तर मामाला वाटतं गावानं आपल्याला टोमणा मारला, भाचीला टाकून गेले आणि ही आता सरकारच्या खिचडीवर वाढायली. त्यामुळं सेविका पाहुणीला खाऊ देते, मांडीवर घेते, पण नाव लिहीत नाही. घरच्या गावची सेविका नाव खोडत नाही. अशी पोर दोन गावांमध्ये तोंडातोंडी सांभाळली जायची. आपा मग लोह्याच्या, नांदेडकडच्या बायांना फोन लावायच्या, "आमची पाहुनी आलीय बगा तुमच्याकडं." झालं काम.

हे मला माहीत होतं. माझी स्वतःची बहीण तीन वर्षं मामाच्या गावी पाहुणी म्हणून राहिली होती. समितीतल्या निम्म्या लोकांना माहीत होतं, कारण निम्मे इकडचेच. पण बैठकीत ते कुणी बोललं नाही. जे सगळ्यांनाच माहीत असतं ते सांगायचं कुणाला? आपाही बोलल्या नाहीत. ही चूक आमची इकडच्या सगळ्यांची; बाहेरून आलेल्यांना तर काय विचारायचं हेच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या बैठकीत अध्यक्ष साहेबांनी प्रत्येकाला विचारलं, आयोगानं एकच गोष्ट करायची तर कोणती? आपा उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

"साहेब, एका लेकराचं नाव एकाच ठिकानी आसू द्या. तिथनं सगळ्यांनी वाचावं. चार रजिस्टरं झाली की लेकरू चौघांच्या मधून गळतंय."

टाळ्या पडल्या. मसुद्याचं पहिलं कलम त्याच वाक्यावरून झालं. मी स्वतः टाइप केलं. आपा त्या दिवशी इतक्या खुशीत होत्या की कार्यालयातल्या सगळ्यांना पेढे वाटले, शिपायाला दोन. "तीस वर्षं बोंबलत होते भाऊ, आज कोनी तरी ऐकलं." जाताना माझ्या टेबलावर एक जास्तीचा पेढा ठेवला आणि म्हणाल्या, हिरव्यावाल्यानं खाऊ नये, वहिनीला द्या. मी तो रस्त्यातच खाल्ला.

मग एकच यादी आली. संगणकावर, प्रत्येक सेविकेच्या फोनवर. लेकराच्या नावापुढं तीन खुणा. हजर, स्थलांतरित, मयत. एकदा स्थलांतरित झालं की नाव चारी खात्यांतून एका दमात उतरायचं, आणि जिथं लेकरू जाईल तिथल्या गावानं नव्यानं घ्यायचं. स्वच्छ काम. त्याबरोबर एक पत्रही निघालं की यापुढं अनौपचारिक नोंदी आणि तोंडी देवाणघेवाण बंद करावी, गोंधळ होतो. ते पत्रही मीच टाइप केलं. मोईनभाईच्या दुकानात बाया येत राहिल्या, पण टेकेनाशा झाल्या. पत्राला भ्यायल्या होत्या. आपांनी मला फोनवर हसत सांगितलं, "दुकान लई सुनं सुनं वाटायलंय भाऊ. मोईन म्हनतो, आता कोनाचं नाव दुरुस्त करू?" मीही हसलो.

दिवाळी झाली. वाड्या रिकाम्या झाल्या. यादीत ज्या लेकरांपुढं खूण नव्हती ती नावं पिवळी दिसायची. एका सोमवारी मोठी बैठक होती, मुंबईहून माणसं येणार होती. शुक्रवारी अध्यक्ष साहेब मऊ आवाजात म्हणाले, "जोंधळे, सोमवारी यादीत पिवळं काही दिसायला नको."

मी बसलो. सेविकांना फोन लावत गेलो, काही लागले, काही लागले नाहीत. वाडी ओस, कुटुंब तोडीला, म्हणजे स्थलांतरित. दाबलं. पुढचं. दाबलं. सुमनबाईनं सोनालीपुढं खूण केली नव्हती. कशी करणार बिचारी? पोर वाडीत हजर नव्हती, तोडीला गेली नव्हती, मेली नव्हती. मामाकडं होती. तशी खूणच नव्हती. तिनं ते पिवळंच ठेवलं होतं, आपांना विचारून करू म्हणून.

ते नाव माझ्या डोळ्यांखालून गेलं. पिवळा झगा मला आठवला की नाही, देव जाणे. मी दाबलं.

सोमवारी यादी हिरवीगार. मुंबईची माणसं खूश.

पंधरा-वीस दिवसांनी आपांचा फोन आला. "भाऊ, सोनालीचं नाव दिसंना झालंय. तारखेची वाट बघायलो आमी."

मी शोधलं. म्हणालो, "आपा, ते स्थलांतरित झालंय. काळजी करू नका. जिथं असेल तिथले लोक बघतील."

त्या म्हणाल्या, "हे तुमी बोलायलाव, भाऊ?"

आणि त्यांनी फोन ठेवला. हाच मजकूर तीन तोंडांनी त्यांनी पहिल्या बैठकीत आम्हाला ऐकवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या नांदेडला हजर. मला म्हणाल्या, "चला." कुठं, कशाला, मी काही विचारलं नाही. सोनालीच्या मामाचं गाव विष्णुपुरीच्या पुढं, नदीच्या कडेला. रिक्षानं गेलो. धरणाचं पाणी डाव्या हाताला पसरलेलं, वारा सुटलेला. आपा छत्री दोन्ही हातांनी धरून बसलेल्या.

आधी अंगणवाडीत गेलो. तिथली सेविका तरणी पोर. म्हणाली, "हाव, होती की सोनाली. रोज यायची. तिथं, दारापाशी बसायची. मी खाऊ बी द्यायचे."

"नाव कामून न्हाई लिवलं बेटा?"

ती गोंधळली. "पाहुनी होती ना आपा. आन् तुमचा फोन बी न्हाई आला औंदा."

आपांनी डोळे मिटले. मी बाहेर बघत राहिलो.

'होती' हा शब्द मला तेव्हा टोचायला पाहिजे होता. टोचला नाही. मामाचं घर गाठलं तेव्हा कळलं. मामा चाळिशीचा, शेत करून खाणारा, तोंडावरून सरळ माणूस. आम्ही सरकारातून आलोय म्हटल्यावर आधी बिथरलाच. "आमच्या भाचीचं नाव तुमच्या यादीत कशाला पायजे? आमाला काय ती जड झाली का? माझ्या बहिनीची लेक हाय!"

"हाव बाबा," आपा म्हणाल्या, "लेकच हाय. कुठं हाय ती?"

मामाचा आवाज बसला. "चार दिस झाले. लई धाप लागली तिला, काळी-निळी पडली. आमी भ्यालो. कायबी झालं तर बहिनीला तोंड कसं दावायचं? नेऊन तिच्या मायबापाकडं घातली. तिकडं, ऊसतोडीच्या टोळीवर."

मामी दाराच्या आड रडत होती. आपांनी मामाला एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त विचारलं, टोळी कुठं? त्याला कारखान्याचं नाव सांगता येईना, म्हणाला कर्नाटकात, ट्रक जितं सोडल तितं. मुकादमाचा नंबर दिला. तो बंद लागला. रिक्षात बसल्यापासून नांदेड येईपर्यंत आपा तोच नंबर लावत होत्या. लावायच्या, कानाला धरायच्या, ठेवायच्या, पुन्हा लावायच्या. मी म्हणालो, आपा, मी यादीत पुन्हा घालतो तिला. त्या म्हणाल्या, "कुठल्या गावात घालताव? आता तर खरंच गेलीय की ती."

सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला. त्यांनी सलाम केला नाही, नाव सांगितलं नाही.

"भाऊ, सोनाली गेली."

उसाच्या फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या खोपटात, दम कोंडला. ट्रॅक्टरवर घालून तालुक्याच्या दवाखान्याकडं नेताना वाटेतच संपली. तिकडंच नदीकाठी माती दिली. बाप दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन फडात उतरला, कारण टोळी थांबत नाही. आम्ही मामाच्या अंगणात उभे होतो, त्याच दिवशी दुपारी ती गेली होती.

मला रडू आलं नाही. राग आला, सगळ्यांचा. अध्यक्ष साहेबांचा, यादीचा, मामाचा, पत्राचा, आणि माझ्या या उजव्या हाताच्या बोटाचा. दोन दिवस जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, तुम्ही एकट्यानं थोडंच केलंय? तेच तर, म्हटलं. एकट्यानं कुणीच केलेलं नाही.

महिन्याभरानं आपा कार्यालयात आल्या. त्या दिवशी प्रयोगाचा अहवाल मुंबईला जायचा होता. अहवाल उत्तम होता. एकही नाव प्रलंबित नाही. प्रयोगाच्या काळात तालुक्यात एकाही बालमृत्यूची नोंद नाही. त्याच्या जोरावर आयोग होणार, आणि सगळ्या राज्याला ही यादी लागू होणार, हे नक्की झालेलं.

आपा माझ्यासमोर बसल्या. वाळल्या होत्या. "भाऊ, तिला मयत लिवा."

मी यादी उघडली. नाव नव्हतं. ज्या लेकराचं नाव नाही त्याच्यापुढं मयताची खूण कशी करणार? मी त्यांना ते सांगितलं.

"मग काय करावं लागंल?"

"आधी नव्यानं नाव घालावं लागेल. हजर म्हणून. मग मयत करता येईल."

"घाला."

मी नाव घातलं. वय घातलं. आजार घातला, ती जागा होती यादीत. संपर्कासाठी फोन नंबर मागत होतं. बापाचा बंद होता. आपा म्हणाल्या, माझा टाका. टाकला. हजर दाबलं.

आपांच्या पिशवीत फोन वाजला.

त्यांनी काढला, चष्म्यापासून लांब धरला, जवळ धरला. मग माझ्याकडं दिला. "वाचा भाऊ, मला नीट दिसंना." मी वाचलं. आपल्या पाल्याच्या शस्त्रक्रियेची तारीख निश्चित झाली आहे. कृपया बालकासह लातूर येथील रुग्णालयात उपस्थित राहावे. खाली तारीख, वेळ. पुढच्या मिनिटाला दुसरा निरोप, पोषण आहार मंजूर. मग तिसरा, शाळेचा, येत्या जूनपासून पहिलीत प्रवेश. चारी खाती एकदम जागी झाली होती. नाव दिसलं आणि जो तो आपापलं घेऊन धावला.

"चालतंय की हो तुमचं," आपा म्हणाल्या. टोमणा नव्हता त्यात. त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि त्या पदरानं पुसतही नव्हत्या. "मीच मागितलं होतं भाऊ. आसंच मागितलं होतं मी."

मी मान खाली घालून मयताच्या खुणेकडं बोट नेलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"आज नगं."

"आपा, आज अहवाल जातोय. यादी त्याच्यासोबत जाणार."

"जाऊ द्या. आजच तारीख आलीय तिची."

मी बोट मागं घेतलं. दुपारी अहवाल गेला. पुढं आयोगाच्या मसुद्याला जी यादी जोडली ती त्याच दिवशीची. तिच्यात सोनाली हजर आहे. मी ती खूण नंतरही बदलली नाही, आणि कुणी विचारलंही नाही. आपांनी समिती सोडली, पुढं नोकरीही सोडली. त्यानंतर मला त्या दिसल्या नाहीत.

त्या दिवशी त्या निघाल्या तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. रस्त्यापलीकडं एक रिक्षा थांबली होती. आपा बसल्या नाहीत. त्यांनी फोन रिक्षावाल्यापुढं धरला. तो वाकून वाचायला लागला, ओठ हलवत, सावकाश. वाचून झालं तसा तो हसला, फोन दोन्ही हातांनी परत दिला आणि हात कपाळाला लावून काहीतरी म्हणाला. तारीख आली, चांगलं झालं बाई, असंच काहीतरी असणार. आपांनी मान हलवली आणि रिक्षात बसल्या.